आधी दिवा हलवा, छंद नंतर

«निवृत्त होऊन चौदा महिने झाले. प्रकृती ठीक, पैशांची ओढाताण नाही, घरात आम्ही दोघंच. भेटेल तो सांगतो, छंद लावून घ्या. छंद आहेत हो! ‘पुढे निवांत वाचू’ म्हणून घेतलेली पुस्तकं कपाटभर आहेत. पण दुपारी जेवून वाचायला बसलो की पंधरा मिनिटांत डोळे चुरचुरतात आणि विसाव्या मिनिटाला पुस्तक छातीवर. दीड तास झोप होते, उठल्यावर डोकं जड. रात्री साडेनवाला पाठ टेकतो, पहाटे चारला टक्क जागा. बेसिनचा नळ गळतो म्हणून खोलला, त्याला आज सहावा दिवस. बायको काहीतरी पुटपुटते, मी ‘काय?’ विचारतो, ती म्हणते ‘काही नाही’. स्वयंपाकघरातली फळी मी नीट लावून दिली, तर दोन दिवस अबोला. नातलग आणि शेजारी ‘तुम्ही काय, घरीच असता’ म्हणत कामं सांगतात. पेपरातलं शब्दकोडं मी आधी सोडवलं तरी वाद. इतकी वर्षं वाट पाहिलेली सुटी अशा बारीकसारीक गोष्टी का कुरतडतात?»
— निवांत म्हणवला जाणारा

सप्रेम नमस्कार.

छंद लावून घ्या, असं आम्ही सांगणार नाही. ज्याच्याकडे करण्यासारखं काही नाही, त्याला तो सल्ला ठीक. तुमच्याकडे भरपूर आहे, फक्त करायला बसलं की काहीतरी टोचतं. नोकरीत असताना हे टोचणं कळलं नाही, कारण तेव्हा वाचन म्हणजे झोपण्यापूर्वीची दहा मिनिटं. पंधराव्या मिनिटाला डोळे चुरचुरतात हे कळायला पंधरा मिनिटं सलग वाचावं लागतं, आणि ती चैन तुम्हाला आत्ता कुठे मिळाली आहे. तेव्हा तुमच्या तक्रारींमधल्या निम्म्याअधिक वयाच्या किंवा स्वभावाच्या नाहीत. त्या उजेडाच्या, अंतराच्या आणि घड्याळाच्या आहेत, आणि म्हणून दुरुस्त होण्याजोग्या आहेत.

वाचनापासून सुरुवात करू, कारण तुमचा खरा जीव तिथे अडकलेला दिसतो. वय वाढतं तशी बाहुली लहान होते आणि डोळ्यातलं भिंग पिवळसर होत जातं. साठीच्या डोळ्यात पडद्यापर्यंत पोचणारा उजेड विशीतल्या डोळ्याच्या साधारण एक तृतीयांश उरतो. म्हणजे तीस वर्षांपूर्वी छताच्या दिव्याखाली जे सहज वाचता यायचं, ते आता त्याच दिव्याखाली अंधुकच दिसणार. यावर लोक छताला मोठा दिवा लावतात. त्याने खोली उजळते, पान फारसं नाही. दिवा मोठा करण्यापेक्षा जवळ आणा. छताचा दिवा पुस्तकापासून 160 सेंटिमीटरवर असेल आणि तेवढाच दिवा तुम्ही 40 सेंटिमीटरवर आणला, तर अंतर चौथाई होतं आणि त्या दिव्याचा पानावर थेट पडणारा उजेड सोळापट. भिंतींवरून परतणारा उजेड धरला तर फरक काहीसा कमी भरेल, पण तरी पहिल्याच पानाला कळेल.

दिवा घेताना वॅट पाहू नका, ती झाली वीज; खोक्यावरचे लुमेन, म्हणजे मिळणारा उजेड, पाहा. 800 लुमेनचा एलईडी म्हणजे जुन्या 60 वॅटच्या बल्बएवढा. वाचायला तो पुरे. मान वळणारा दिवा घ्या आणि तो खुर्चीच्या बाजूला, खांद्याच्या किंचित मागे ठेवा. समोर ठेवलात तर गुळगुळीत कागदावरून चकाकी थेट डोळ्यांत येते. लिहीत असाल किंवा कोडं सोडवत असाल तर उजव्या हाताने लिहिणाऱ्याला दिवा डावीकडे हवा, नाहीतर हाताची सावली नेमकी शब्दावर पडते. शेडची खालची कड डोळ्यांच्या पातळीला किंवा त्याखाली असावी, बसल्या जागेवरून बल्ब दिसता कामा नये. आणि बाकीची खोली काळोखी ठेवू नका. उजळ पान आणि मागे अंधार, यात नजर वर केली की दर वेळी डोळ्याला नव्याने जुळवून घ्यावं लागतं.

आता चष्मा. तुमचा प्रोग्रेसिव्ह, म्हणजे एकाच काचेतून लांबचं आणि जवळचं दोन्ही दाखवणारा, असेल तर जवळचं दिसण्याची जागा काचेच्या तळाशी, तीही अरुंद असते. त्यातून वाचायला हनुवटी वर करावी लागते, आणि मागे रेलून बसलं की आणखीच. अर्ध्या तासात मान धरते आणि दोष पुस्तकाला लागतो. चालायला-फिरायला तो चष्मा उत्तम आहे, पण तासभर वाचायचं तर निव्वळ वाचनाचा, एकाच अंतराचा वेगळा चष्मा करून घ्या. चष्म्याच्या दुकानात जाण्यापूर्वी आपल्या खुर्चीत, आपल्या सवयीप्रमाणे पुस्तक धरून बसा आणि कोणालातरी डोळ्यापासून पानापर्यंतचं अंतर टेपने मोजायला सांगा. तो आकडा तपासणाऱ्याला द्या. हे का, तर 40 सेंटिमीटरवर पाहायला 2.50 ची ताकद लागते आणि 66 सेंटिमीटरवर साधारण 1.50 ची. साठीपर्यंत डोळ्याची स्वतःची जवळ पाहण्याची शक्ती जवळपास संपलेली असते, त्यामुळे हा फरक चष्म्यालाच भरून काढावा लागतो. पुस्तकाचा चष्मा लावून संगणकासमोर बसणारी माणसं पडद्यावर वाकतात ती याचमुळे. चष्मा चुकीचा नसतो, अंतर चुकीचं असतं.

चुरचुरण्याचं कारण मात्र नंबर नसण्याची शक्यता जास्त. एक साधी परीक्षा आहे. अक्षर पुसट झालं की दोन-तीनदा नीट पापण्या मिटा. लगेच स्वच्छ दिसलं तर डोळा कोरडा पडतोय, नाही दिसलं तर नंबर तपासा. वाचताना पापण्या कमी मिटतात आणि वयानुसार अश्रूही कमी होतात. त्यात पंख्याचा झोत चेहऱ्यावर असेल तर पंधरा मिनिटं पुष्कळ झाली. आधी खुर्चीची दिशा बदला. दर वीस मिनिटांनी वीसेक सेकंद खिडकीबाहेर लांब पाहा आणि पापण्या पूर्ण मिटून उघडा. तेवढ्याने भागलं नाही तर नेत्रतज्ज्ञांना विचारून डोळ्यांत घालायचे कृत्रिम अश्रू घ्या. डोळे लाल झाले म्हणून लाली घालवणारे थेंब परस्पर आणून वापरू नका. एक अपवाद इथेच सांगून टाकतो: अचानक लखलख दिसू लागणं, काळे ठिपके एकदम वाढणं, कडेने पडदा ओढल्यासारखं होणं किंवा सरळ रेघ वाकडी दिसणं, यात पापण्या मिटत बसायचं नाही, त्याच दिवशी डॉक्टर गाठायचे.

पुस्तकाचं वजन ही फार क्षुल्लक वाटणारी गोष्ट आहे, पण जाड पुस्तक हळूहळू मांडीवर उतरतं आणि त्यामागोमाग चार-पाच किलोचं डोकं खाली झुकतं. मांडीवर घट्टशी उशी घ्या आणि पुस्तक तिच्यावर टेकवा. खुर्चीही अशी हवी की पाऊल पूर्ण जमिनीवर टेकेल आणि उठताना हातांनी ओढून घ्यावं लागणार नाही. गुडघ्याच्या मागच्या घडीपासून जमिनीपर्यंत मोजा, बैठकीची उंची साधारण तेवढी. फार खोल आणि मऊ खुर्ची दुकानात सुखाची वाटते. घरी ती झोपेचं यंत्र ठरते.

म्हणजे आपण झोपेवर आलो. तुम्ही दिलेले आकडे आम्ही कागदावर मांडले. साडेनऊ ते चार, साडेसहा तास. दुपारचा दीड. बेरीज आठ. पासष्टीपुढच्या माणसाला सर्वसाधारणपणे सात ते आठ तास झोप लागते, म्हणजे तुमची झोप पूर्ण होते आहे, फक्त ती तुम्हाला नको त्या जागी पडली आहे. निद्रानाशाच्या गोळ्यांच्या वाटेला मुळीच जाऊ नका.

दुपारी एक ते तीनच्या दरम्यान शरीराला एक स्वाभाविक गुंगी येते. जेवणाने ती वाढते, पण जेवला नाहीत तरी यायची ती येतेच. त्या वेळी पुस्तक उघडणं म्हणजे दोघांवर अन्याय, पुस्तकावरही आणि झोपेवरही. दोन्ही वेगळी करा. जेवणानंतर खुर्चीत न पेंगता सरळ अंथरुणावर आडवे व्हा आणि अर्ध्या तासाचा गजर लावा. डोळा लागायला पाच-सात मिनिटं धरली तर वीस-पंचवीस मिनिटं झोप मिळते. त्यापुढे गेलात की गाढ झोप सुरू होते, आणि तिच्यातून मध्येच उठलं की तेच तुमचं जड डोकं. ही झोप तीनच्या आत उरकायची. गजर वाजल्यावर उठायचा अतिशय कंटाळा येईल. पहिले चार-पाच दिवस तसेच जातात, मग सवय होते.

पहाटेचं काय? इथे तुम्हाला निवड करावी लागेल. वयानुसार शरीराचं घड्याळ पुढे सरकतं, लवकर झोप आणि लवकर जाग. उशिरा उठायचं असेल तर झोपण्याची वेळ दर तीन-चार दिवसांनी पंधरा मिनिटांनी उशिरा करत साडेदहापर्यंत न्या, संध्याकाळी उजेड असताना अर्धा-पाऊण तास बाहेर फिरा, आणि पहाटे जाग आली तरी लख्ख दिवा लावू नका. यात सगळ्यात जास्त नडते ती साडेआठची टीव्हीसमोरची डुलकी. दहाच मिनिटांची असते, पण रात्रीची भूक मारणाऱ्या खाऊसारखी ती झोपेची भूक मारून जाते. जेवण झाल्यावर उभ्याने करायचं काहीतरी काम त्या वेळेला ठेवा.

किंवा दुसरं असं करा, आणि आमचा कौल याला आहे: पहाट ठेवून घ्या. चार वाजता उठून तुम्हाला ताजंतवानं वाटत असेल तर तो तुमचा सर्वांत चांगला वाचनाचा वेळ आहे. फोन नाही, दारावरची बेल नाही, ‘घरीच आहात ना’ नाही. कपाटातली जाड पुस्तकं तिथे वाचा आणि दुपारसाठी हलकंफुलकं ठेवा. फक्त पहाटेच्या लख्ख उजेडाने जाग आणखी अलीकडे सरकू शकते, हे गृहीत धरा आणि रात्री साडेनऊला झोपायची लाज बाळगू नका. दोन्ही पाहिजे, पहाटही आणि रात्री अकराच्या गप्पाही, असं म्हणाल तर ते जमणार नाही. घोरताना श्वास अडकतो असं बायकोने सांगितलं, किंवा पुरेसं झोपूनही दिवसभर पेंग येत असेल, तर हे सगळं बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जा. लघवीसाठी दोन-तीनदा उठावं लागत असेल तर झोपण्यापूर्वीचे दोन तास पाणी कमी प्या, पण दिवसाचं कमी करू नका, कारण या वयात तहान उशिरा कळते. रक्तदाबाची लघवी वाढवणारी गोळी असेल तर तिची वेळ बदलता येईल का, हे डॉक्टरांना विचारा. स्वतःहून बदलू नका.

पत्नी पुटपुटतात, असं तुम्ही लिहिलंत. त्या पुटपुटत नसाव्यात. वयानुसार आधी कमी होतं ते उंच पट्टीचं ऐकणं, आणि स, श, फ, थ, ट, क यांची ओळख त्याच पट्टीत असते. स्वर खालच्या पट्टीत असल्याने ते ऐकू येतात. त्यामुळे कोणी बोललं हे कळतं, काय बोललं ते कळत नाही, आणि समोरचा पुटपुटतो असं वाटतं. ओरडून उपयोग नाही, ओरडल्याने स्वरच मोठे होतात. उपयोग होतो तो अंतराचा आणि चेहऱ्याचा. वाहत्या नळाशी उभं राहून, पाठमोरं, दुसऱ्या खोलीतून सांगितलेलं वाक्य तरुणालाही अर्धंच पोचतं. घरात एक नियम करा: बोलणाऱ्याने त्याच खोलीत येऊन, आधी हाक मारून, मग बोलायचं. आणि तुम्ही नुसतं ‘काय?’ विचारू नका. जेवढं कळलं तेवढं म्हणून दाखवा: ‘गुरुवारी कोण येणार म्हणालीस?’ मग त्यांना एकच शब्द परत सांगावा लागतो. ‘काही नाही’ हे उत्तर राग म्हणून कमी आणि अख्खं वाक्य तिसऱ्यांदा म्हणायच्या कंटाळ्याने जास्त येतं. टीव्हीचा आवाज वाढवण्याआधी त्याच्या सेटिंगमध्ये संवाद स्पष्ट करणारा पर्याय आहे का ते पाहा. चपट्या टीव्हीचे स्पीकर बहुधा खाली किंवा मागे भिंतीकडे तोंड करून असतात. कानात काड्या घालू नका, त्यांनी मळ आत ढकलला जातो. ऐकण्याची तपासणी एकदा करून घ्या, उशीर केल्याने फायदा काही नाही. एका कानाचं ऐकू येणं एकाएकी गेलं, तर मात्र तातडीने कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे.

नळ. सहा दिवस लागण्याचं कारण आळस नाही. पूर्वी रविवार संपायचा म्हणून काम संपायचं, आता उद्याही रविवारच आहे. अशा कामाला वेळ ठरवून द्या, ‘उद्या दहा ते बारा’, आणि सामान हाती आल्याशिवाय काहीही खोलू नका. बेसिनचा मुख्य कॉक बंद करा, नळ उघडून उरलेलं पाणी जाऊ द्या, आणि बेसिनच्या भोकात बोळा घाला, कारण स्क्रू तिथेच पडतो. प्रत्येक टप्प्याचा फोटो काढा. पान्ह्याच्या जबड्यात फडकं धरलं तर चकाकीवर ओरखडे पडत नाहीत. स्पिंडल, म्हणजे मुठीला जोडलेला आतला दांडा, बाहेर आला की टोकाशी रबरी वायसर दिसेल. तो तसाच दुकानात न्या, तोंडी माप सांगू नका. नवा बसवूनही तोटीतून थेंब येत असेल तर वायसर ज्यावर बसतो ती पितळी कड झिजली आहे. दुसरा-तिसरा वायसर बदलून काही होणार नाही, आणि नळ जास्त आवळलात तर नवा वायसरही लवकर जाईल. पाणी मुठीच्या खालून येत असेल तर वायसर चांगला आहे, तिथलं पॅकिंग गेलं आहे. आणि तुमचा नळ पाव फेऱ्यात पूर्ण उघडणारा असेल तर त्यात वायसर नसतोच, आतला आख्खा जोड, म्हणजे कार्ट्रिज, बदलावी लागते. कदाचित तुमचे सहा दिवस याच शोधात गेले असतील.

बरण्यांचा उल्लेख पत्रात नाही, पण त्याचीही वेळ येईल म्हणून सांगतो: न उघडणाऱ्या नव्या बरणीच्या झाकणाच्या कडेखाली चमच्याचं टोक घालून हलकेच उचका, टक् असा आवाज येऊन हवा आत गेली की झाकण सहज फिरतं. मनगटाशी कुस्ती नको.

‘घरीच असता’ म्हणणाऱ्यांशी वाद घालू नका आणि कारणही देऊ नका. कारण दिलं की त्याचं खंडन होतं. ‘आज डोकं दुखतंय’ म्हणालात तर ‘मग उद्या करा’ येणारच. त्याऐवजी दुसऱ्यांच्या कामांसाठी आठवड्याचा एक दिवस राखून ठेवा आणि उत्तर तयार ठेवा: ‘बाहेरची कामं मी मंगळवारी करतो, मंगळवारी चालेल का?’ ज्यांचं खरंच अडलेलं असतं ते हो म्हणतात, बाकीच्यांचं काम आपोआप होऊन जातं. ‘बघतो’ हा शब्द वर्ज्य. तो तुमच्या लेखी नकार असतो, ऐकणाऱ्याच्या लेखी होकार. या एका दिवसाचा दुसराही लाभ आहे. आज कोणता वार हे विसरायला लागलेल्या आठवड्याला एक खुंटी मिळते. दुसरी खुंटी मजेची ठोका. बुधवारी सकाळी अकराला ग्रंथालयात किंवा बागेत जा, जिथे पूर्वी फक्त रविवारच्या गर्दीत जाता यायचं. रिकाम्या बाकावर पाहिजे तेवढा वेळ बसता येणं, हा निवृत्तीचा घसघशीत नफा आहे आणि तो फार थोडी माणसं वसूल करतात.

राहिली फळी. ती आज होती तशी लावून द्या, फोटो काढलेला नसेल तर पत्नीला विचारून. तुम्ही ती उंचीप्रमाणे लावली असणार. त्यांनी ती हाताप्रमाणे लावली होती, रोज लागणारं पुढे, अंधारातही सापडेल असं. दुसऱ्याच्या कामाच्या जागेत मदत करायची असेल तर व्यवस्था सुधारू नका, एक अख्खं काम उचला. सामान संपण्यापासून आणून ठेवण्यापर्यंत पूर्ण तुमचं, ‘हे कुठे ठेवू?’ हा प्रश्न न विचारता. दुपारचे दोन तास त्यांचे एकटीचे असू द्या. तुमची सुटी सुरू झाली तेव्हा त्यांचा एकांत संपला, हे त्या बोलून दाखवणार नाहीत.

आणि शब्दकोडं. कापून झेरॉक्स काढणं हा एक मार्ग, पण त्यात शर्यत लागते. आडवे शब्द तुम्ही घ्या, उभे त्यांना द्या. दोघांची अक्षरं एकमेकांना धरून असतात, त्यामुळे एकट्याचं पुढे सरकतच नाही. पेनाने लिहायचं नाही, पेन्सिल एकच ठेवायची, आणि खोडरबर त्यांच्याकडे.